पाणी जळत नाही, सिलिकॉन जळते

‘पाण्यावर चालणाऱ्या’ गाडीची चित्रफीत अधूनमधून मोबाइलवर येतेच. सच्छिद्र सिलिकॉनची भुकटी पाण्यात टाकली की हायड्रोजन निघतो आणि त्यावर खिशात मावणारा इंधनघट, म्हणजे फ्युएल सेल, चालतो; ही बातमीही त्याच माळेतली वाटेल. ती तशी नाही. यामागचे विज्ञान पक्के आहे. मात्र ऊर्जेचा हिशेब नीट मांडायला हवा.

सिलिकॉन हे वाळूतले मूलद्रव्य. पाण्यातला ऑक्सिजन ते ओढून घेते आणि हायड्रोजन मोकळा होतो. पण साध्या तुकड्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि ही क्रिया जवळपास थांबते. १९५६ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये उहलिर दाम्पत्य हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि वीज वापरून सिलिकॉनला चकाकी आणत होते. तेव्हा पृष्ठभागावर एक वेगळाच थर तयार झाला. त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असल्याचे पुढे कळले. छिद्रांमुळे पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, तसेच हे. २०१३ मध्ये बफेलो विद्यापीठातील संशोधकांनी १० नॅनोमीटरचे सिलिकॉनचे कण अल्कलीयुक्त पाण्यात टाकले. १०० नॅनोमीटरच्या कणांना जेवढा हायड्रोजन द्यायला पाऊण तास लागला, तेवढा या कणांनी मिनिटभरात दिला.

आता हिशेब. १० ग्रॅम सिलिकॉनपासून जास्तीत जास्त १.४ ग्रॅम हायड्रोजन मिळतो. इंधनघटात त्यातली निम्मी ऊर्जा विजेच्या रूपात हाती आली, तर एक स्मार्टफोन साधारण एकदा पूर्ण चार्ज होईल. गंमत म्हणजे, सिलिकॉनने जेवढे पाणी फोडले तेवढेच पाणी इंधनघटात पुन्हा तयार होते. खर्ची पडते ते सिलिकॉन. त्याची पुन्हा वाळूसारखी सिलिका होते.

म्हणजे ऊर्जा पाण्यात नव्हती, सिलिकॉनमध्ये साठवलेली होती. ती साठवायला मोल पडते. वाळूच्याच जातीच्या क्वार्ट्झपासून भट्टीत एक किलो सिलिकॉन काढायला ११ ते १३ युनिट वीज लागते आणि या मार्गाने परत मिळते जेमतेम सव्वादोन युनिट. छिद्रे पाडण्याचा खर्च वेगळाच, शिवाय हायड्रोफ्लोरिक आम्ल अत्यंत घातक.

मग उपयोग कुठे? जिथे वीज नाही आणि वजन महत्त्वाचे आहे तिथे. मोटारीत हायड्रोजन ७०० बारपर्यंतच्या दाबाने टाकीत भरतात. खिशातल्या उपकरणाला तसली टाकी परवडत नाही. कोरडी ठेवलेली भुकटी मात्र सहज नेता येते आणि पाणी वाटेत मिळू शकते. गिर्यारोहक, आपत्ती निवारण पथके, दुर्गम भागातील संवेदक यांना ती सोयीची ठरेल. सौर पॅनेलसाठी सिलिकॉन कापताना त्याचा मोठा वाटा भुशासारखा वाया जातो. तो वापरता आला तर हिशेब बराच सुधारेल.

भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे आहे. हे तंत्र त्याला पर्याय नाही. ते पॉवर बँकेच्या जागी बसणारे आहे. म्हणून अशी बातमी वाचली की एवढेच विचारावे : ही भुकटी तयार करायला किती वीज लागली आणि ती आली कुठून?