रंग बदलला, पण अणू मोजले का?

सीबीडी बेलापूर आणि आसपासच्या महाविद्यालयांत विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प हमखास दिसतो. तुळशीच्या किंवा कडुलिंबाच्या अर्कात सोन्याचा क्षार घालायचा, पिवळसर द्रावण तांबडे-जांभळे झाले की फोटो काढायचा, यूव्हीचा आलेख जोडायचा आणि ‘नॅनोकण तयार झाले’ असे लिहून अहवाल बांधायला द्यायचा. मुले मेहनत घेतात. पण विज्ञान जिथे सुरू होते, नेमके तिथेच त्यांना थांबवले जाते.

रंगावर विसंबणे किती अपुरे, हे सोन्याच्या छोट्या पुंजक्यांनी दाखवून दिले आहे. क्लोरोऑरिक आम्लाच्या पिवळ्या द्रावणात ग्लुटाथायोन हा गंधकयुक्त थायॉल घातला की रंग उडतो. मग बर्फात गार केलेले सोडियम बोरोहायड्राइडचे द्रावण ओतताच सगळे काळपट तपकिरी होते. त्यात लहानमोठे अनेक पुंजके मिसळलेले असतात. त्यांतल्या मुख्य पुंजक्यात सोन्याचे 28 अणू आणि 16 ग्लुटाथायोन रेणू असल्याचे अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 1998 मध्ये नोंदवले. 2005 मध्ये जपानच्या नेगिशी आणि त्सुकुदा यांच्या गटाने वस्तुमान वर्णपटमापकावर तो पुन्हा तपासला. खरे आकडे निघाले 25 आणि 18.

फरक तीन अणूंचा, पण सगळा उलगडा त्यावरच अवलंबून होता. 2008 मध्ये याच सूत्राच्या, वेगळा थायॉल असलेल्या पुंजक्याची स्फटिकरचना मिळाली. मधोमध सोन्याचा एक अणू, त्याभोवती बारा. उरलेले बारा अणू 18 गंधकांसह सहा कमानींत, स्टेपलच्या पिनांसारखे गाभ्याला धरून बसलेले. सोन्याच्या 25 अणूंचा प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन धरला, तर त्यांतले 18 गंधकाचे बंध गुंतवतात, पुंजक्यावरच्या ऋणभाराचा एक मिळतो, म्हणून गाभ्यात उरतात 8. निष्क्रिय वायूसारखे भरलेले हे कवचच त्याच्या टिकाऊपणाचे मोठे कारण.

वनस्पतींच्या अर्काला कमी लेखायचे कारण नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याच्या त्रिकोणी चकत्या घडवल्या आणि 2004 मध्ये ते काम ‘नेचर मटेरियल्स’मध्ये छापून आले. त्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आकार पाहिला, त्रिकोण का बनतो याचा पाठपुरावा केला.

आपल्या मुलांनाही हे जमेल. खाडीपलीकडे पवईत, आयआयटी मुंबईच्या उपकरण केंद्रात अशी यंत्रे शुल्क भरून बाहेरच्यांनाही वापरता येतात. ते शुल्क विद्यार्थ्याच्या खिशातून जाता कामा नये. महाविद्यालयांनी एकत्र निधी उभारून नमुने पाठवावेत. दहा गटांकडून दहा पानांचे अर्क उकळून घेण्यापेक्षा दोन गटांना एकच नमुना शेवटपर्यंत तपासू द्यावा. आणि बाटलीत नेमके काय आहे, याचा मोजलेला पुरावा जोडल्याशिवाय मार्गदर्शकांनी अहवालावर सही करू नये.