फळ्याशेजारी पडदा

दिंडोरी तालुक्याची रूपे दोन. पूर्वेला द्राक्षबागा आणि कालव्याचे पाणी. पेठ-सुरगाण्याच्या अंगाला डोंगर, भातखाचरे आणि पाड्यांवरच्या छोट्या शाळा. बागायतदाराच्या मुलाला नाशिकची शिकवणी परवडते. पाड्यावरच्या मुलाला जे मिळायचे ते शाळेतूनच मिळणार. त्यामुळे थेट प्रक्षेपणासारखी नवी साधने वर्गात आणावीत की नाहीत, हा प्रश्न शहरात हौसेचा असला तरी येथे निकडीचा ठरतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पट असलेल्या पहिली ते पाचवीच्या शाळेस शिक्षक दोन. इयत्ता पाच आणि शिक्षक दोन! एका इयत्तेला भागाकार समजावून देताना दुसरीने गप्प बसायचे, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालू आहे. अशा खोलीत एखाद्या निष्णात शिक्षकाच्या थेट पाठात चौथीची मुले रमली, तर गुरुजींना पहिलीच्या मुलांजवळ अर्धा तास बसता येईल. त्यांतल्या कित्येकांच्या घरी कोकणा बोली असते. पुस्तकातली मराठी त्यांच्या जिभेवर आणून देणे कोणत्याही पडद्याला साधणारे नाही.

नाशिककरांना हा प्रयोग परका नाही. जून २०२० मध्ये शाळांना टाळे असताना ‘रेडिओ विश्वास’ या नाशिकच्या सामुदायिक केंद्राने ‘शिक्षण सर्वांसाठी’ हा उपक्रम आरंभला. जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांतील तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी शिक्षकांनीच पाठ ध्वनिमुद्रित केले. त्यास पुढे राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारही लाभला. याउलट, १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद पडली. तिच्या एकतर्फी प्रक्षेपणात वर्गातील शिक्षकाला प्रेक्षकापलीकडे फारशी भूमिकाच नव्हती. थेट पाठात तो पलीकडच्या शिक्षकाला मध्येच थांबवू शकतो, मुलांकडून शंका विचारवू शकतो. शिवाय ‘थेट’ या शब्दात एक वेगळीच ओढ आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ उतरताना अनेक शाळांनी मुलांना एकत्र बसवले. पुढे काय घडणार हे त्या क्षणी गुरुजींनाही ठाऊक नव्हते.

शिक्षकांची नाराजी आळसातून येते असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. मोबाईल त्यांच्या हाती आला तो हजेरी, पोषण आहार आणि छायाचित्रे वर पाठवण्यासाठी. साधन म्हणून नव्हे, पाळत म्हणून. त्यातच १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, आणि उद्या पडदा दाखवून पदेच कमी करतील, ही धास्ती वाढली. ती निराधार नाही. परंतु साधनाकडे पाठ फिरवून पद वाचत नाही. दोन शाळांचा एकत्रित तास चालवून दाखवणारा शिक्षकच, वर्गात माणूस का हवा, हे पुराव्यानिशी सांगू शकेल. वीजबिल आणि दुरुस्तीचा भार शासनाने उचलावा, ही मागणीही त्याच्याच तोंडी शोभेल.

आरंभ लहान असावा. केंद्रातील इंग्रजी उत्तम शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षिकेने आठवड्यातून दोनदा भोवतालच्या पाड्यांसाठी तास घ्यावा, आणि तिकडील शिक्षकांनी काय जमले, कोठे अडले, हे महिन्याच्या शिक्षण परिषदेत मांडावे. परिपत्रके वाचण्यात तेथे जाणारा वेळ त्यास पुरेसा आहे.