काशीचे घाट आणि एक कठडा

नदीकाठच्या शहरात पर्यटन कसे वाढवावे, या विषयावरील अनेक बैठकांना मी बसलो आहे. चर्चा बहुधा दिव्यांचे खांब, कारंजी आणि ग्रॅनाइटच्या लाद्यांवर होते. पाहुण्याला नदीपर्यंत सुखरूप पोहोचता येते का, हा प्रश्न क्वचितच निघतो. तो माझ्याही मनात आला नव्हता. आईला घेऊन काशीला गेलो, तेव्हा आला.

काशी पाहावी ती पायी. अस्सीपासून राजघाटापर्यंतचे सुमारे सहा-सात किलोमीटरचे घाट म्हणजे एक सलग उघडे संग्रहालय आहे. गंगा येथे उत्तरवाहिनी आहे आणि घाट पूर्वाभिमुख, त्यामुळे सूर्य थेट पात्रापलीकडून वर येतो. वाटेत भोसले घाट, अहिल्या घाट, शिंदे घाट अशी आपली ओळखीची नावे भेटतात. मानमंदिर घाटावर सवाई जयसिंहांची वेधशाळा आहे. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधविले आणि एकनाथांनी भागवतावरील टीका १५७३ मध्ये याच नगरीत पूर्ण केली. घराबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला येथे परकेपणा वाटत नाही. शिवाय या सकाळच्या फेरीला तिकीट लागत नाही.

परंतु आई निम्म्या पायऱ्यांवर थांबली. गुडघे थकले होते, धरायला काही नव्हते. "तुम्ही जाऊन या, मी येथूनच नमस्कार करते," म्हणाली. शेवटी एका नावाड्याने हात दिला आणि तिला नावेत बसविले. नावेतील जीवरक्षक जाकिटे आम्ही अंगात न घालता बसायला घेतली होती. नियम ठाऊक असलेला अधिकारी मीच होतो आणि मीच गप्प बसलो.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात नाव उलटून सहलीस आलेले १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. ती बातमी वाचताना मला आमची ती सकाळ आठवली.

म्हणून माझे मत असे की, करमणुकीची साधने निर्माण करणे हे प्रशासनाचे पहिले काम नाही. करमणूक नदीने आधीच दिलेली आहे. आपण वाट निर्धोक करावी. निवडक घाटांवर कठडा, दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर टेकायला जागा, सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय, भाड्याचा ठळक फलक, आणि जाकीट अंगात घातल्याखेरीज नाव सुटणार नाही असा कडक दंडक.

"कठडा पुरात टिकणार नाही," हा आक्षेप मला ठाऊक आहे. पावसाळ्यात घाट पाण्याखाली जातात, नावा बंद होतात, पूर ओसरल्यावर गाळ उपसावा लागतो. पण जे प्रशासन दरवर्षी गाळ काढते, त्याला आषाढात कठडा सोडवून कार्तिकापूर्वी पुन्हा बसविणे अशक्य का असावे?

कारंज्याचे उद्घाटन होते, कठड्याचे होत नाही. अडचण एवढीच आहे काय?