मोटार विकली, नाव मात्र राहिले

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, जहिराबाद व नारायणखेड आंध्राकडे, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे राहिले. सोयरिकी आणि बाजारहाट यांनी ही सरहद्द कधी फारशी मानली नाही. आज भालकीची जुनी मोटार उदगीरचे गिऱ्हाईक घेते, निलंग्याची गाडी औरादच्या शिवारात धावते. आणि या व्यवहारात ओळखीचा मध्यस्थ व रोख मोबदला एवढे असले म्हणजे विक्रेत्यास आपण मोकळे झालो असे वाटते.

वास्तविक तो मोकळा झालेला नसतो. नमुना 29 व 30 यांवर, खरेदीदाराचे नाव आणि तारीख यांच्या जागा कोऱ्या ठेवून, त्याने सह्या केलेल्या असतात. बाँडपेपरवर चार ओळींचा मजकूर असतो, आणि आरसी बुकासह किल्ली दुसऱ्याच्या हाती गेलेली असते. दोन गुंठे जमीन घेतली तरी फेरफार मंजूर होऊन पहाणीवर आपले नाव चढेपर्यंत तहसील कचेरीचे उंबरठे झिजवणारी आमची दक्ष माणसे मोटारीच्या बाबतीत इतकी निष्काळजी का व्हावीत, हे मला आजवर उमगलेले नाही.

कायदा याविषयी निःसंदिग्ध आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 अन्वये, व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल तर विक्रेत्याने 14 दिवसांत, आणि परराज्यात असेल तर 45 दिवसांत नाहरकत दाखल्यासह हस्तांतराची खबर द्यावयाची असते. खरेदीदारास 30 दिवसांची मुदत आहे. ही खबर न दिल्याचा परिणाम किती दारुण होतो, हे फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या एका प्रकरणावरून दिसते. 2007 साली विकलेली मोटार अनेक हातांतून फिरत असता 2009 साली तिच्याखाली सापडून जीवितहानी झाली, आणि ज्याच्या नावावर ती सरकारदरबारी नोंदलेली होती तोच कायद्याच्या दृष्टीने मालक असल्याने भरपाईचे दायित्व त्या मूळ विक्रेत्यावरच ठरले. अपघातग्रस्ताने खऱ्या ताबेदाराचा शोध घेत हिंडावे, अशी अपेक्षा न्यायालयाने धरली नाही, आणि ते सर्वथा न्याय्य आहे.

सरहद्दीवर मात्र या कर्तव्यास अडथळे अधिक. भालकीची के.ए. 39 पाटीची मोटार लातूरच्या एम.एच. 24 मध्ये न्यावयाची तर तिच्यावर कर्ज, थकीत कर वा दंड नाही आणि ती चोरीची नाही, याची शहानिशा होऊन मूळ कचेरीचा दाखला मिळावा लागतो. पुढे नव्या राज्यात कर भरणे आणि जुन्या राज्यातून कराचा परतावा मागणे आलेच. इतका खटाटोप व खर्च टाळण्याकरिता जुनीच पाटी ठेवून गाडी वापरण्याचा मोह खरेदीदारास होतो, आणि त्याच्या या काटकसरीची जोखीम विक्रेता वाहतो. नाहरकत दाखल्याच्या अर्जावर 30 दिवसांत निर्णय न कळवल्यास तो दिला असे मानण्याची तरतूद कलम 48 मध्ये आहे. ती सामान्य माणसाला ठाऊक नसते, आणि दलाल ती सांगत नाही. भालकी, बसवकल्याण आणि बीदर येथील परिवहन कचेऱ्यांच्या दारावर हे नियम कन्नडबरोबर मराठीतही ठळकपणे लिहिलेले असावेत, ही मागणी अवाजवी मुळीच नाही.

गाडी व्यापाऱ्यास देणाऱ्यांना एप्रिल 2023 पासून एक सोय उपलब्ध आहे. अधिकृत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची खबर नमुना 29 सी भरून दिली की पुढील विक्रीपर्यंत तोच मालक समजला जातो. म्हणून व्यापाऱ्याचे अधिकारपत्र प्रथम पाहावे.

परस्पर विक्री करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, कोऱ्या नमुन्यावर सही करू नये. खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती घेतल्याविना किल्ली देऊ नये. फास्टॅग बंद करावा. आणि मुदत उलटताच परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नोंद तपासून, नाव बदललेले नसल्यास नोंदणी कचेरीस लेखी अर्ज देऊन त्याची पोच जपून ठेवावी.