माईक हाती आला, आता विवेकही हवा

आमच्या वस्तीतली एक मुलगी पत्रकारितेचे शिक्षण घेते आहे. आई धुणीभांडी करते, वडील नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करतात. त्या घरातली ती पहिलीच पदवीपर्यंत पोहोचलेली. यंदा तिला रेडिओची बातमीदारी शिकायची होती. परवा विहारात वंदना आटोपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काका, बाईचं नाव लपवलं, गावाचं नाव लपवलं. पण तिचा आवाज कसा लपवू?"

वकिलीत इतकी वर्षे काढूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, हे आधी कबूल करतो.

झाले असे. एका गावात बौद्ध वस्तीवर बहिष्कार पडला होता. गिरणीवाला दळण घेत नव्हता, दुकानदार मीठ-मिरची देत नव्हता, मजुरीला कुणी बोलावत नव्हते. ही मुलगी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन तिथे गेली. एक बाई धीर करून बोलली; फक्त नाव घेऊ नको म्हणाली. मुलीने शब्द दिला. परत येऊन ऐकू लागली तेव्हा तिच्या लक्षात आले, की ही बाई दर भीमजयंतीला गावात गाणी म्हणते. तिचा आवाज पाटलाच्या वाड्यापासून वस्तीपर्यंत साऱ्यांच्या ओळखीचा. वर्तमानपत्रात नाव बदलले की भागते, दूरचित्रवाणीवर चेहरा धूसर करता येतो. रेडिओवर मात्र आवाज हाच माणसाचा चेहरा असतो.

शिकवणाऱ्यांनी सुचवले, "बाई रडते तेवढा भाग आधी ठेव, श्रोता खिळून राहतो." मुलीने ते केले नाही. ती पुन्हा गावी गेली, त्या बाईला सारे ध्वनिमुद्रण ऐकवले आणि विचारले, "मावशी, यातलं काय बाहेर जाऊ देऊ?" बाई म्हणाली, "गिरणीचं सांग, मजुरीचं सांग. माझं रडणं नको." मग त्या बाईचे म्हणणे मुलीने स्वतःच्या आवाजात वाचले. गुण थोडे कमी पडले. माझ्या मते ती त्या दिवशी पत्रकार झाली.

कायदा याबाबत काय म्हणतो? लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. त्या कलमात केवळ नाव नाही. जिच्यामुळे ओळख पटेल अशी कोणतीही बाब आली. माझ्या मते आवाजही त्यात आला पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांच्या हक्कांचे कलम १५ अ आले. साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवण्याचे अधिकार विशेष न्यायालयाला मिळाले. याच दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हाही अत्याचाराचा गुन्हा ठरला. म्हणजे गावात जी बाई बोलली, ती उद्याची साक्षीदार आहे. तिचा आवाज आज उधळला, तर उद्या न्यायालयात ती उभी राहील काय? साक्षीदार फुटले म्हणून आपले किती खटले बुडाले, हे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

दुसरा धडा 'दोन्ही बाजू' देण्याचा. मुलीने सरपंचाचेही म्हणणे घेतले. तो म्हणाला, "आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदाने नांदतात." ते घ्यायलाच हवे होते. विरुद्ध पक्षाचे ऐकणे हे न्यायाचे मूळ तत्त्व आहे. पण ऐकणे म्हणजे दोन्ही पारड्यांत सारखे वजन टाकणे नव्हे. न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतो आणि मग पुरावा तोलतो. वार्ताहराने गिरणीवर जाऊन दळण खरेच नाकारले जाते का, ते पाहायचे असते. ते न पाहता 'दोन गटांत वाद' एवढे म्हणून मोकळे होणे याला निःपक्षपातीपणा म्हणत नाहीत. ती जुलूम करणाऱ्याची सोय असते.

या सोयीचा अनुभव आपण खैरलांजीत घेतला. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. काही वर्तमानपत्रांनी प्रथम अनैतिक संबंधांची वदंताच बातमी म्हणून छापली. जातीचे नाव घ्यायला मोठ्या माध्यमांना आठवडे लागले, समाज रस्त्यावर यावा लागला. पुढे न्यायालयानेही जातीय हेतू मानला नाही. पहिल्या दिवसाची खोटी बातमी किती लांब चालत जाते, ते यावरून समजावे.

पण आरसा आपल्यासमोरही धरला पाहिजे. त्या मायलेकींच्या विटंबित देहांची छायाचित्रे आपल्याही हातांनी फिरली. त्यावाचून जगाने विश्वास ठेवला नसता, हे खरे. पण आज अत्याचार घडला की आपलाच कार्यकर्ता मोबाईल पुढे करतो, रडणाऱ्या आईला बोलते करतो आणि तासाभरात तो आवाज हजारो ठिकाणी पोहोचतो. तिला कुणी विचारले होते काय? पंचशीलातले चौथे शील आपण रोज ग्रहण करतो. भगवान बुद्धांची सम्यक वाचा केवळ खोटे न बोलण्यापुरती नाही. बोलणे कुणाच्या हिताचे, हेही त्यात आले. ज्याच्या दुःखावर आपण बोलतो, त्याच्या संमतीवाचून बोलणे सम्यक कसे ठरेल?

आता मुख्य अडचण. ही मुलगी शिकून जाणार कुठे? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवता येतो. तेलंगणात जहीराबादजवळच्या माचनूर येथे १५ ऑक्टोबर २००८ पासून दलित स्त्रिया 'संघम रेडिओ' चालवून दाखवत आहेत. पण खासगी एफएम असो वा सामुदायिक रेडिओ, स्वतःची बातमी द्यायला मनाई आहे, बातम्या आकाशवाणीच्याच. बियाण्याची माहिती द्या, गाणी लावा, पण वस्तीचे पाणी कुणी तोडले ते सांगू नका! आणि इतर माध्यमांची दारे? ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलॉन्ड्री यांच्या २०१९ च्या अहवालात वृत्तसंस्थांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ सवर्णांकडे होती. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता.

म्हणून आपल्याला दोन कामे करायची आहेत. सामुदायिक रेडिओला बातमीचा हक्क मिळावा, ही मागणी चळवळीने लावून धरावी. आणि त्या हक्काला लायक माणसे आजपासून घडवावीत. विहारातून, वसतिगृहांतून मुलामुलींना ध्वनिमुद्रण शिकवा. पण त्याआधी विचारायला शिकवा, ऐकवून संमती घ्यायला शिकवा, पडताळायला शिकवा.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, तो मुक्यांना वाचा देण्यासाठी. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी ते ऑल इंडिया रेडिओवरून बोलले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी देशाला सांगितले. त्या माईकमागे बंधुता होती. आपल्या लेकरांच्या माईकमागेही तीच असली पाहिजे. ती मावशी पुढच्या भीमजयंतीलाही त्याच गावात, निर्भयपणे गायली पाहिजे. आपली बातमीदारी नैतिक आहे की नाही, याची कसोटी तीच.

जयभीम!