दोन पैशांची तरतूद

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक खटला चालला. आरोपी आमचा पुतण्या, वय वर्षे एकवीस, हुद्दा अग्निवीर. फिर्यादी त्याचे वडील, म्हणजे आमचे धाकटे बंधू. आणि पुरावा म्हणून अंगणात उभी असलेली एक लालभडक फटफटी. न्यायाधीश म्हणून मला बसवण्यात आले, कारण बँकेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजल्यामुळे मला पैशातले कळते अशी आमच्या घराण्यात समजूत आहे. सौ.चा या समजुतीवर विश्वास नाही. पण सणासुदीला ती तसे बोलून दाखवत नाही एवढेच.

फिर्याद अशी : चिरंजीव वर्षातून तीस दिवस रजेवर येतात आणि त्या तीस दिवसांसाठी त्यांनी एक लाख साठ हजारांची गाडी हप्त्यावर घेतली आहे. उरलेले अकरा महिने ती गाडी ताडपत्री पांघरून आमच्याच अंगणात उभी असते. त्यातच खिशात नवा फोन, तोही हप्त्यावर. मित्रांना घेऊन सातरस्त्यावर खाणे. बहिणीला पैठणी नव्हे, पण पैठणीच्या तोंडात मारील अशी साडी.

"दादा, मी टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षे हिशेब लिहितोय," बंधुराज म्हणाले, "पण मला अजून सायकलचा मोह आवरतो. आणि याला पगार किती, खर्च किती, काही ताळमेळ?"

आरोपी भिंतीला टेकून कडक भाकरीवर शेंगाचटणी घेऊन खात होता. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात शिकून तो उत्तरेकडे कुठेसा गेला, त्याला आता तिसरे वर्ष. कुठे ते तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. शेंगाचटणी मात्र तिकडे मिळत नाही, एवढी लष्करी गुप्त बातमी आम्हांला ठाऊक आहे.

खटला पुढे नेण्यापूर्वी एक जुनी गोष्ट सांगतो. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या गल्लीत एक हवालदार राहत असत. ते पलटणीत आणि बायकामुले इकडे. महिन्याला मनिऑर्डर येई. तिच्या कुपनावर दोन ओळी असत; बाईंना वाचता येत नसे, म्हणून पोस्टमन गेल्यावर मला हाक येई. "पैसे पोचताच कळवणे. धाकटीला खोकल्याचे औषध देणे." दर महिन्याला बहुधा हेच. एकदा हवालदार रजेवर आले ते खांद्याला ट्रान्झिस्टर अडकवून. झाले! गल्लीत आठ दिवस तोच विषय. माझे वडील म्हणाले, "फौजेतल्या माणसाच्या हाताला भोक असते." संध्याकाळी त्याच ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकायला वडील सर्वांच्या आधी हजर. 1971 ची लढाई आमच्या गल्लीने त्याच ट्रान्झिस्टरवर ऐकली.

तेव्हा तरुण शिपायाच्या खर्चाला नावे ठेवणे ही काही आजची चाल नव्हे. फरक आहे तो दुसरीकडे. हवालदारांची नोकरी संपली आणि त्यांना पेन्शन लागली. ती ते मरेपर्यंत आली, आणि पुढे बाईंना आली. ट्रान्झिस्टरच्या पैशाने त्यांचे म्हातारपण बिघडले नाही. आमच्या आरोपीला पेन्शन नाही. 14 जून 2022 रोजी सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली, तिच्यात नोकरी चार वर्षांची. शंभरातले पंचवीसपर्यंत पुढे कायम होणार. बाकीचे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी निवृत्त! आमच्या घरात सर्वांत आधी निवृत्त होणारा इसम तो असेल.

"हं, हिशेब सांग," मी न्यायासनावरून म्हणालो.

त्याने फोन काढला. तिसऱ्या वर्षी पगार छत्तीस हजार पाचशे. त्यातले शेकडा तीस, म्हणजे दहा हजार नऊशे पन्नास, सेवा निधीत कापून जातात. हाती सुमारे साडेपंचवीस हजार. त्यातून घरी दहा हजार, गाडीचा हप्ता पाच हजार दोनशे, फोनचा दोन हजार चारशे, बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी दोन हजार. राहिले पाच हजार नऊशे. त्यात रिचार्ज, कँटीन, रेल्वेचे तिकीट आणि मित्र.

"घरी दहा हजार?" मी बंधूंकडे पाहिले. बंधूंनी आकाशकंदिलाकडे पाहिले. फिर्यादीने ही रक्कम फिर्यादीत घातलेली नव्हती.

"ते छपराचं काम काढलंय ना," वहिनी दारातून म्हणाल्या, "त्याला लागतात."

बाजू उलटते आहे असे दिसताच बंधुराज आमच्या मेहुण्यांकडे वळले. हे आमचे तात्या. 1977 साली डिप्लोमा घेऊन तारापूरच्या अणुवीज केंद्रात लागले आणि पस्तीस वर्षे तिथेच राहिले. दिवाळीला सोलापूरला येतात, बहिणीच्या हातची चकली खातात आणि कमी बोलतात.

"तात्या, तुम्ही सांगा याला दोन शब्द. तुमच्या खात्यात पुढच्या पन्नास वर्षांचा विचार आधी होतो. याला पुढच्या पन्नास दिवसांचा नाही."

तात्या हसले. इतके हसले की चकलीचा तुकडा घशात अडकला आणि सौ.ला पाणी आणावे लागले.

"अहो, अणुवीज म्हणजे हप्त्यावर घेतलेली फटफटीच," ते म्हणाले. "कोळशाच्या केंद्राला रोज कोळसा लागतो, म्हणजे रोज खर्च. आमचं इंधन त्यामानानं चिमूटभर. पण भट्टी बांधायलाच सगळा पैसा आधी ओतायचा, आणि बांधकाम रेंगाळलं की व्याज चढत जातं. फ्रान्समध्ये फ्लामाँव्हिलला 2007 साली एक भट्टी बांधायला घेतली. पाच वर्षं आणि तीन अब्ज तीस कोटी युरो, असा अंदाज. वीज कधी आली? 2024 च्या डिसेंबरात. खर्च चौपट. आपल्या जैतापूरला याच जातीच्या सहा बसवायच्या होत्या, 9,900 मेगावॉट. 2010 च्या डिसेंबरात फ्रान्सशी करार झाला. अजून एकही भट्टी उभी नाही."

तात्या एकदम एवढे बोलले म्हणून सगळे गप्प झाले. पुतण्यानेही फोन खाली ठेवला.

मग तात्या खुलले. त्यांच्या तरुणपणी अणू म्हणजे उद्याचे जग होते. 1954 साली अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष लुइस स्ट्रॉस यांनी तर मुलांच्या पिढीला मीटर लावण्याचीही गरज न पडणाऱ्या स्वस्त विजेचे स्वप्न दाखवले होते. आपल्याकडे 2000 सालापर्यंत दहा हजार मेगावॉट अणुवीज करायचे ठरले होते. 2000 साल उजाडले तेव्हा तीन हजारही नव्हती, आणि आजही आकडा नऊ हजारांच्या आसपास. जगात 1996 साली शंभर युनिटांतली सतरा-साडेसतरा अणूची असत. आता नऊच्या जवळ. मध्ये 1986 चे चेर्नोबिल झाले, 2011 चे फुकुशिमा झाले. जर्मनीने 15 एप्रिल 2023 रोजी आपल्या उरलेल्या तिन्ही भट्ट्या बंद केल्या.

"भीतीनं मारलं म्हणतात," तात्या म्हणाले. "भीती होतीच. पण भीतीपेक्षा हप्त्यांनी जास्त मारलं. त्यात सूर्याची वीज स्वस्त झाली. तुमच्या सोलापुरात तर ऊन फुकटच वाटतात."

तारापूरचा विषय निघाला की तात्यांचा आवाज बदलतो. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या, 1969 च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या. आशियातल्या अगदी आरंभीच्या. 1974 साली पोखरणचा स्फोट झाला आणि अमेरिकेने इंधनासाठी हात आखडता घेतला. तात्या लागले ते या ओढाताणीच्या काळात. पुढे 1982 मध्ये फ्रान्सकडून इंधनाची सोय झाली. बाष्पजनित्रांना गळती लागली म्हणून 210 मेगावॉटच्या भट्ट्या 160 वर आणाव्या लागल्या. तरी त्या चालत राहिल्या आणि देशातली अगदी स्वस्त वीज देत राहिल्या. 2005-06 मध्ये शेजारी 540 च्या दोन नव्या आल्या. चार मिळून 1,400 मेगावॉट. आमच्या सोलापूरजवळ फताटेवाडीचे कोळशाचे केंद्र एकटे 1,320 चे आहे, आणि ते उभे राहायला अर्धे शतक लागले नाही, हे मी सुचवून पाहिले. तात्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी चकली पुढे केली. 2020 साली त्या दोन्ही जुन्या भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबल्या, तेव्हा तात्यांनी सौ.ला चार वेळा फोन केला होता. भट्टीविषयी एक अक्षर न काढता, नुसते "कसं काय चाललंय" म्हणून.

"पण मामा," आरोपी प्रथमच बोलला, "भट्टी म्हातारी झाली की तिचं काय करतात?"

"उतरवावी लागते. पाडायची नाही, उतरवायची. सगळं किरणोत्सर्गी. वापरलेलं इंधन वेगळं सांभाळायचं. परदेशात एकेका भट्टीला हजारो कोटी रुपये लागतात."

"ते कुठून आणायचे?"

"त्याचीही तरतूद आहे. प्रत्येक युनिटमागं दोन पैसे बाजूला काढतात."

"दोन पैसे!"

तात्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडले. 160 मेगावॉटची भट्टी वर्षभर क्षणभरही न थांबता चालली, तर सुमारे 140 कोटी युनिटे. दोन पैशांनी त्याचे झाले 2 कोटी 80 लाख रुपये. विजेचा दर युनिटला दोन रुपये धरला, तर ही बचत शंभराला एक. चार रुपये धरला तर शंभराला अर्धा.

पुतण्याने ते उलटसुलट पाहिले आणि अगदी सहज म्हणाला, "माझे शंभराला तीस जातात."

खटला इथे निकाली निघायला हरकत नव्हती. बँकेत असताना माझ्या पगारातून फंडाला शंभरातले दहा जात, तरी मी स्वतःला काटकसरी समजत असे. पण हा मुलगा शंभरातले तीस बाजूला टाकतो, सत्तावीस घरी देतो, आणि उधळ्या ठरतो.

मला मात्र त्याचा हिशेब ऐकून दुसरीच काळजी लागली. ते तीस त्याने टाकलेलेच नाहीत. ते हातात येण्याआधी गेले. जो रुपया कधी दिसलाच नाही, तो राखण्याची सवय कशी लागावी? भट्टीच्या दोन पैशांना निदान खर्चाचे ठिकाण ठरलेले आहे. याच्या निधीला ते नाही. चार वर्षांचे त्याचे पाच लाख दोन हजार, तेवढेच सरकारचे, मिळून दहा लाख चार हजार. व्याज धरून पावणेबारा लाखांच्या जवळ. कायम झाला नाही तर एवढी रक्कम तेविसाव्या वर्षी, एका दिवशी, त्याच्या खात्यात पडणार.

आणि एकरकमी पैशाचे काय होते ते मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. आमच्या सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा फंडाचे चेक घेऊन माणसे येत. भोंग्यावर उठणारी, भोंग्यावर जेवणारी माणसे. चेक वटण्याच्या दिवशी कोणीतरी भाचा बरोबर असे, पुढच्या आठवड्यात कोणीतरी मेहुणा. मुलीचे लग्न, मुलाची रिक्षा, कुणाच्या तरी दामदुप्पट योजनेची पावती. दीड-दोन वर्षांत तोच माणूस माझ्यापुढे पासबुक ठेवी आणि विचारी, "साहेब, नीट बघा, एवढेच?" मी नीट बघत असे. तेवढेच असत. त्यांतले कोणी उधळे नव्हते.

रात्री फटाके उडवून झाल्यावर पुतण्या माझ्यापाशी येऊन बसला. फोनवरच्या पैशाच्या रमीत आपले अठरा हजार गेल्याचे त्याने सांगितले. वडिलांना ठाऊक नव्हते. (हे खेळ 2025 च्या ऑगस्टातल्या कायद्याने बंद झाले, याचे पैसे त्याआधीच गेले होते.) पहाऱ्याहून आल्यावर झोप येत नाही, घरी फोन करावा तर सगळे निजलेले, मग बोट आपोआप तिकडे जाई, म्हणाला. आणि एक गृहस्थ आतापासूनच त्याला फोन करू लागले होते : "भाऊ, निधी मिळाला की आधी आमच्याकडे या, वर्षात दुप्पट."

"काका, गाडी विकून टाकू?"

मी नको म्हणालो. आता विकून तोटाच. शिवाय एकवीस वर्षांचा मुलगा कडाक्याच्या थंडीत उभा असताना सोलापुरात आपली एक लाल गाडी आहे याची त्याला ऊब वाटत असेल, तर पाच हजार दोनशे रुपये जास्त नाहीत, असे माझे मत पडले. न्यायाधीशाला असे मत शोभत नाही, हे सौ.ने आतून ऐकून कळवले.

भाऊबीज उरकून तो गेला. त्या आधी आम्ही दोघे गाडीवरून बँकेत गेलो आणि हजार रुपयांचे आवर्ती खाते उघडले. पैसे आधी त्याच्या हातात येणार, मग त्याने स्वतः भरायचे. आपोआप कापून घेण्याच्या फॉर्मवर कारकून सही मागत होता, ती मी करू दिली नाही. कारकुनाला मी विक्षिप्त वाटलो असेन. आतापर्यंत दोन हप्ते चुकले. एकदा दंडासकट भरला, एकदा मित्राच्या आजारपणात राहिला तो राहिलाच. बाकी दर महिन्याच्या दोन-तीन तारखेला फोन येतो, "काका, टाकले."

गाडी सुरू ठेवावी लागते, नाहीतर बॅटरी उतरते. म्हणून दर रविवारी मी ताडपत्री काढतो आणि मंडईत जाऊन येतो. पेट्रोल माझे. अडुसष्टाव्या वर्षी लाल फटफटीवरून मेथीची जुडी आणणाऱ्या माणसाकडे लोक बघतात, आणि आमचे बंधुराज परवा मागे बसायला तयार झाले.