ग्रंथालय आपल्या दारी



मध्यंतरी नातीच्या आग्रहाखातर यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची नवी वास्तू पाहण्याचा योग आला. क्नेसेटसमोरील ही वास्तू ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वाचकांसाठी खुली झाली. त्याच महिन्यात युद्धाला तोंड फुटल्यामुळे उद्घाटनाचा थाटमाट रद्द झाला. दारे मात्र उघडली. गिवत राम येथील १९६० सालच्या जुन्या इमारतीत मागणीची चिठ्ठी लिहून तासन् तास ताटकळणारा मी, येथे जमिनीखालच्या भांडारातून यंत्रमानव ग्रंथांच्या पेट्या नेमक्या हुडकून आणतात हे पाहून थक्क झालो.

परंतु खरे नवल याहून वेगळे आहे. १८९२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयाने आता वाचकाची वाट पाहणे सोडून स्वतःच त्याच्या घरी जाण्याचे ठरविले आहे. याची पूर्वपीठिका जुनी आहे. १९५० साली बेन गुरियन यांच्या पुढाकाराने जगभर विखुरलेल्या हिब्रू हस्तलिखितांची सूक्ष्मपटावर छायाचित्रे घेण्याचे कार्य आरंभिले गेले. मूळ पोथ्या परदेशी संग्रहांतून आणणे शक्य नव्हते. निदान त्यांची प्रतिमा तरी आपल्याकडे असावी, हा हेतू. त्याच कार्यातून पुढे २०१७ साली 'कतीव' हा उपक्रम उभा राहिला. आज दिमोनातील किंवा ठाण्यातील कोणीही घरबसल्या, एक पैसाही न देता, या पोथ्यांची पाने उलटू शकतो. तेल अवीव विद्यापीठाच्या सहकार्याने 'हमागिद', 'दवार' यांसारखी जुनी वृत्तपत्रेही अशीच खुली झाली असून, एखादे नाव टंकित केले की ते छापले गेलेली पाने समोर येतात.

हे सारे पाहताना मनात प्रश्न आला : या अफाट भांडारात आपण कोठे आहोत?

आपण अगदीच रिक्तहस्त नाही. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा निघाला आणि १८७४ साली पुण्यात सचित्र हग्गादा छापला गेला. त्यातील मत्सा तयार करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत! तसेच या देशात पन्नासांहून अधिक प्रती निघणाऱ्या प्रत्येक प्रकाशनाच्या दोन प्रती कायद्यानुसार राष्ट्रीय ग्रंथालयाकडे द्याव्या लागतात. छापील शब्दाची सोय अशी आहे. पण जे कधी छापलेच गेले नाही, त्याचे काय?

येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. माझे वडील कीर्तन करीत. त्यांची पदांची वही आम्ही अलिबागेहून पत्र्याच्या ट्रंकेत घालून येथे आणली. घरे बदलता बदलता ती ओल्या भिंतीलगत पडून राहिली. दहा वर्षांपूर्वी उघडली, तेव्हा निम्मी पाने एकमेकांना चिकटून गेली होती. उरलेली नातीने आपल्या फोनवर उतरवून घेतली आणि मला विचारले, "आजोबा, येथे काय लिहिले आहे?" छायाचित्र स्वच्छ होते. अक्षर तिला वाचता येत नव्हते.

मित्रहो, मर्म येथेच आहे. यंत्र पानाची प्रतिमा घेईल, ती हजार वर्षे जपेलही. परंतु हे हस्ताक्षर कोणाचे, हे पद कोणत्या सणाला गात, छायाचित्रातील डावीकडची नऊवारीतली बाई कोण, हे यंत्राला कोण सांगणार? ज्याची नोंद नाही, ते शोधूनही सापडत नाही. आणि सूचीत नसलेली वस्तू भांडारात असून नसल्यासारखीच. ती नोंद करू शकणारी, म्हणजे मराठी वाचणारी, आपली पिढी आता दिवसेंदिवस विरळ होत चालली आहे.

म्हणून अश्दोद, लोद, रामले, बेअर शेवा येथील सर्व ज्ञातिबांधवांना विनंती, की आपापल्या ट्रंका या पेसाहपूर्वी उघडाव्यात. घराची झाडझूड आपण करतोच. त्यात कागद केराच्या टोपलीत जाऊ देऊ नयेत. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. नातवंडांना जवळ बसवून जुन्या वह्या मोठ्याने वाचाव्यात व तो आवाज त्यांच्या फोनवर उतरवून घ्यावा. मग ग्रंथालयाकडे विचारणा करावी.

ग्रंथालय आपल्या दारापर्यंत आले आहे. त्याच्या हाती काय द्यायचे, हे आपण ठरवावयाचे आहे. माझ्या वडिलांची निम्मी वही मी गमावली. आपली तरी पुरी राहो, हीच प्रार्थना.